सुरतेतलं पहिलं परीक्षण, आणि माझं

१९८७ साली आमच्या सुरतेतल्या मराठी मंडळाचा हस्तलिखित अंक निघायचा. गणपतीतल्या नाटकावर मी त्यात लिहिलं, "नायकापेक्षा प्रॉम्प्टरच जास्त ऐकू आला." नायक म्हणजे गल्लीतलेच एक काका, मिलची पाळी संपवून तालमीला येणारे. पुढच्या वर्षी ते स्टेजवर चढलेच नाहीत. आई म्हणाली, "काय मिळवलंस लिहून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे गुजराती वाचायला लागलो तेव्हा नवलराम पंड्या भेटले. जन्म १८३६, आपल्याच सुरतेतला. १८६६ साली नंदशंकर मेहतांची 'करण घेलो' आली. घेलो म्हणजे खुळा. गुजरातच्या शेवटच्या वाघेला राजाची ही गोष्ट, त्यात आपली देवगिरीही येते. १८६७ साली नवलरामांनी तिचं परीक्षण लिहिलं आणि गुजराती समीक्षा तिथून सुरू झाली असं मानतात. गंमत बघा, लेखक सुरतेचा, परीक्षकही सुरतेचा, दोघेही शिक्षक. उद्या रस्त्यात गाठ पडणारच! शिवाय त्याच वर्षी नवलरामांनी 'भटनुं भोपाळुं' हे स्वतःचं प्रहसनही लोकांपुढे ठेवलं. मूळ मोलिएरचं, फील्डिंगच्या इंग्रजीवरून बेतलेलं. म्हणजे दुसऱ्याचं तपासणारा स्वतःही तपासून घ्यायला उभा. मी कुठे उभा होतो? तिसऱ्या रांगेत, वडापाव खात.

तोंडावर बोलायची सवय सुरतेला त्याआधीचीच. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींनी इथे मानवधर्म सभा काढली, तेव्हा त्यांच्याबरोबर आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, मराठी व्याकरणवाले. नोकरीनिमित्त ते इथे शिकवायला आले होते. सुरतेतला मराठी माणूस फक्त मिलमध्येच आला असं कुणी म्हणालं की मी हे नाव पुढे करतो.

तर, काकांकडे गेलो. काकूंनी चहा दिला, काकांनी पेपर वाचला. निघताना म्हणाले, "एवढं कळतं तर ये की विंगेत."

गेलो. १९८९ च्या नाटकात काका पोस्टमन आणि मी प्रॉम्प्टर. पाठ केलेलं माणूस उजेडात कसं विसरतो ते तिथून दिसतं. काका एकाच वाक्याला अडले, आणि माझं पान उलटायचं राहिलं होतं.

त्या वर्षीही परीक्षण मीच लिहिलं. त्यात एक ओळ होती, "प्रॉम्प्टर उशिरा बोलला."