आनापानसती : वैशालीचा प्रसंग आणि आपला वर्षावास

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत महाराष्ट्रातील गावोगावच्या विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. हिंगोली जिल्ह्यातील सेनगावचा परिसरही त्यास अपवाद नाही. दिवसभराची खुरपणी आटोपून उपासक-उपासिका सायंकाळी एकत्र येतात, त्रिशरण-पंचशील होते, आणि कोणी एकजण पुढचे प्रकरण वाचू लागतो. या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात एक भाग असा आहे की, तो बहुधा भराभर वाचून संपविला जातो. गृहत्यागानंतर सिद्धार्थ गौतम समाधिमार्गाची पारख करू लागतो. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्या पद्धती शिकून झाल्यावर मगधातील एका ध्यानमार्ग्याकडून तो श्वास रोखण्याची विद्या घेतो, तिच्यात पारंगत होतो, तिच्यामुळे होणारी कानांतील आणि मस्तकातील वेदना सोसतो आणि अखेर तिच्याकडेही पाठ फिरवितो.

हेच वाचक पुढे कधी ध्यानशिबिरास जातात, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना श्वासाकडेच लक्ष देण्यास सांगितले जाते. साहजिकच प्रश्न निर्माण होतो की, तथागतांनी जे टाकून दिले तेच आपण का उचलावे? या परिसरात तर हा गोंधळ अधिकच स्वाभाविक आहे. हिंगोलीजवळचे नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांचे नाव औंढा नागनाथाशी जोडलेले आहे. नाथपंथाच्या हठयोगाचे, श्वास कोंडण्याच्या सामर्थ्याचे संस्कार या मातीत जुने आहेत. त्यामुळे 'श्वासाची साधना' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे प्राणायामच उभा राहतो. प्रस्तुत लेखात आम्ही या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहणार आहोत. तसेच ज्यांचे मन फार हळवे आहे, ज्यांना एखादा शब्द महिनोन्‌महिने सलत राहतो, अशा माणसांसाठी बौद्ध परंपरेने श्वासाचा आधार कसा व का घेतला, हेही पाहणार आहोत.

श्वास रोखण्याचा तो अनुभव मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात भगवंतांच्याच तोंडून आलेला आहे. तोंडाने व नाकाने जाणारा श्वास अडविला तेव्हा कानांतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज करीत वारा बाहेर पडू लागला. पुढे डोक्यात कोणी तीक्ष्ण शस्त्राने वार करावेत, कपाळाभोवती चामड्याचा पट्टा करकचून आवळावा, अशा यातना झाल्या. या सर्वांतून काय साधले? शरीर अस्वस्थ आणि थकलेले राहिले, एवढेच. त्याच सुत्तात पुढे एक आठवण येते. पिता शेतीच्या कामात गुंतला असता बालक सिद्धार्थ जांभळीच्या सावलीत बसला होता आणि तेथे त्याचे मन आपोआप शांत झाले होते. त्या सुखाला मी का भ्यावे, असा प्रश्न गौतमाने स्वतःला विचारला. आमच्या मते बौद्ध ध्यानाचा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो. श्वासावर हुकमत गाजविण्याचा मार्ग तेथे संपला आणि श्वास जसा आहे तसा जाणण्याचा मार्ग खुला झाला. दीर्घ श्वास घेताना तो दीर्घ आहे हे जाणावे, आखूड श्वास घेताना तो आखूड आहे हे जाणावे. आनापानसतीच्या सोळा पायऱ्यांतील पहिल्या दोन एवढ्याच आहेत.

परंतु या साधनेचे महत्त्व कळण्यासाठी वैशालीस जावे लागते. हा प्रसंग संयुत्त निकायात आहे आणि विनयपिटकात तिसऱ्या पाराजिकाच्या उगमकथेतही आहे. बौद्ध साहित्यातील हा सर्वांत वेदनादायक प्रसंग असावा, आणि कदाचित म्हणूनच आपल्या प्रवचनांत तो क्वचितच सांगितला जातो.

भगवान वैशालीच्या महावनातील कूटागारशाळेत राहत होते. त्यांनी भिक्षूंना अशुभभावनेचा, म्हणजे देहाच्या अमंगलतेच्या चिंतनाचा उपदेश केला आणि ते स्वतः पंधरा दिवस एकांतवासात गेले. भिक्षान्न पोहोचविणाऱ्या एका भिक्षूवाचून कोणी त्यांच्याकडे जायचे नव्हते. इकडे भिक्षूंनी उपदेश मनापासून आचरला, आणि त्यांतील अनेकांना तो पेलवला नाही. स्वतःच्या शरीराची त्यांना शिसारी येऊ लागली, लाज वाटू लागली. एका दिवसात दहा, वीस, तीस भिक्षूंनी आपले जीवन संपविले, असे सुत्त सांगते. विनयातील कथेत मिगलंडिक नावाच्या माणसाकडून आपला अंत करवून घेणाऱ्यांचीही नोंद आहे.

पंधरवडा संपल्यावर भगवान बाहेर आले. त्यांनी आनंदाला विचारले की, भिक्षुसंघ विरळ का दिसतो? आनंदाने घडलेले सर्व सांगितले. काही झाकले नाही. आणि त्यापुढे त्याने जी विनंती केली ती आम्हांस फार मोलाची वाटते. हा संघ स्थिर होईल असा दुसरा एखादा मार्ग भगवंतांनी सांगावा, असे तो म्हणाला. शिष्याने गुरूला स्पष्टपणे सांगितले की, ही पद्धत या माणसांना सोसली नाही. गुरूने त्यावर रोष धरला नाही, मेलेल्यांना दुबळे ठरविले नाही, अधिक निष्ठेने तीच साधना करा असेही म्हटले नाही. वैशालीच्या परिसरातील सर्व भिक्षूंना एकत्र बोलाविले आणि त्यांना आनापानसती शिकविली. तिचे वर्णन करताना भगवंतांनी दिलेली उपमा मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात उडालेला धुरळा अवकाळी आलेल्या मोठ्या पावसाने जसा जागच्या जागी बसतो, तशी ही साधना मनात उठलेले अकुशल विचार शमविते, असा तिचा आशय आहे.

ज्या साधनेने माणसे मोडली ती वाईट होती असे नाही. रागाने अंध झालेल्या मनाला तिचा उपयोग होतो, असे परंपरा मानते. परंतु एकच औषध सर्वांना लागू पडत नाही हे सत्य वैशालीस फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. पुढे अट्ठकथाकारांना हा प्रसंग अवघड वाटला असावा. त्यांनी या भिक्षूंच्या पूर्वजन्मी ते व्याध होते, आणि त्या कर्माचे फळ टळणारे नव्हते, असे स्पष्टीकरण जोडले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा जो सिद्धांत बुद्धविचाराशी विसंगत म्हणून नाकारला, तोच हा होय. दुःखिताच्या दुःखाचे खापर त्याच्याच अज्ञात भूतकाळावर फोडणे आपल्या समाजास चांगले परिचयाचे आहे. मूळ सुत्ताला अशा स्पष्टीकरणाची गरज भासली नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन एरन यांनी 1996 साली अतिसंवेदनशील व्यक्तींवर पुस्तक लिहिले आणि ही संवेदनशीलता म्हणजे रोग नव्हे, तो स्वभावाचा एक प्रकार आहे, असे प्रतिपादन केले. स्वभावभेदाचा हा विचार बौद्ध परंपरेस नवा नाही. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धघोषाचार्यांनी रचलेल्या विसुद्धिमग्गात साधकांचे सहा स्वभाव सांगितले आहेत : राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क यांपैकी ज्याचे ज्याच्यात प्राबल्य असेल त्याप्रमाणे. यांतील वितर्कचरित माणूस म्हणजे ज्याचे मन एका गोष्टीवरून दुसरीवर धावत राहते, ज्याला रात्री विचारांचा उकळा फुटतो. आजची संज्ञा आणि ही संज्ञा तंतोतंत एक नाहीत. पण ज्याची झोप एका शब्दाने उडते तो माणूस दोन्हींच्या सीमेवर बसलेला आपल्याला भेटतो. मोहचरित आणि वितर्कचरित यांना आनापानसती अनुकूल, असा बुद्धघोषांचा निर्वाळा आहे. उदानातील मेघिय सुत्तातही वितर्क तोडण्यासाठी आनापानसतीच सांगितली आहे.

विसुद्धिमग्गातील श्वासमोजणीचा भाग तर खळ्यावर बसून लिहिल्यासारखा आहे. आरंभी श्वास धान्य मोजणाऱ्याप्रमाणे सावकाश मोजावेत. तो माप भरतो, 'एक' म्हणतो आणि रिते करतो. पुन्हा भरताना दिसलेला केरकचरा वेचून टाकीत 'एक, एक' असे म्हणतच राहतो. मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये. पायली-मापट्याने ज्वारी मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणणारी पिढी आपण पाहिली आहे. तिला हा पाठ शिकवायला वेळ लागला नसता. कचरा दिसला म्हणून मापारी चिडत नाही, माप फेकून देत नाही. हळव्या मनाच्या साधकाला नेमकी हीच गोष्ट अवघड जाते, कारण मनात विचार आला की तो स्वतःलाच दोष देऊ लागतो. हे ज्ञान मराठीत आणण्याचे श्रेय गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (1876-1947) यांच्याकडे मोठ्या प्रमाणात जाते. 'समाधिमार्ग' या त्यांच्या पुस्तकात ध्यानविषयांचे विवेचन आहे. ते आज आपल्या विहारांच्या कपाटांत क्वचितच आढळते.

ग्रंथांत राहिलेली ही साधना प्रत्यक्ष महाराष्ट्रात परतली ती दोन वाटांनी. एक वाट ब्रह्मदेशातून आली. सत्यनारायण गोएंका (1924-2013) हे मंडाले येथे जन्मलेले व्यापारी असह्य अर्धशिशीने ग्रासलेले होते. मॉर्फीनची इंजेक्शने घेण्याची पाळी त्यांच्यावर येई. 1955 साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन (1899-1971) यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी येत असाल तर येऊ नका, धम्माचे मोल तेवढे कमी करू नका, अशा अर्थाचे उत्तर त्यांना प्रथम मिळाले. मन शुद्ध करण्यासाठी ते राहिले, आणि डोकेदुखीही गेली. 1969 साली ते भारतात आले. 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली. दहा दिवसांच्या त्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापानाचे असतात. दुसरी वाट अधिक आपल्या अंगणातली आहे. योगाच्या अभ्यासासाठी पुण्यास निघालेले इंग्रज बौद्ध लोकमित्र 1977 च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपुरात होते. तेथील जनसागर पाहून त्यांच्या जीवनाची दिशा बदलली, आणि संघरक्षितांच्या प्रेरणेने 1979 साली त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे कार्य सुरू झाले. वस्त्यांतील उपासकांना तेथे आनापानसती आणि मैत्रीभावना जोडीने शिकविली गेली. हळव्या माणसासाठी ही जोडी आम्हांस विशेष योग्य वाटते. श्वासाने मन थांबते, पण थांबलेल्या मनाला स्वतःविषयी थोडी माया वाटावी लागते.

आपल्या चळवळीत या सर्वांकडे संशयाने पाहणारा एक प्रवाह आहे आणि त्याचा संशय निराधार नाही. अन्यायाने पेटून उठावयाचे तेथे डोळे मिटून बसावयास सांगणारा धम्म कोणाच्या सोयीचा, असे तो विचारतो. बाबासाहेबांनीही केवळ चित्ताच्या एकाग्रतेला पुरेसे मानले नाही. समाधी आणि सम्यक समाधी यांत त्यांनी स्पष्ट भेद केला, आणि मनाला कुशलाचा विचार करण्याची सवय लावते ती सम्यक समाधी असे सांगितले. परंतु याच मोजपट्टीने आनापानसती तपासली तर ती नापास होत नाही. सोळा पायऱ्यांत श्वास फक्त उंबरठ्यावर आहे. पुढे वेदना, चित्त आणि धम्म यांचे निरीक्षण आहे.

शिवाय ज्यांनी लढे दिले त्यांच्या मनाचे काय झाले, हेही पाहावयास नको काय? 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात गावेच्या गावे होरपळली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला. या सोळा वर्षांतील मोर्च्यांचा इतिहास लिहिला गेला. पण ज्या मुलांनी आपल्या वस्तीतून उठणारा धूर पाहिला, ज्या बाया पुढे कित्येक वर्षे रात्रीच्या आवाजाने दचकून उठत, त्यांच्या झोपेचा इतिहास लिहिला गेलेला नाही. नापिकी आणि कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या आजही याच भूमीत होत आहेत. अशा घरातील जो माणूस गप्प होतो, त्याला आपण 'मनाला लावून घेऊ नको' एवढेच सांगतो. वैशालीत आनंदाने असे सांगितले नव्हते.

तरीही आनापानसती म्हणजे सर्व व्याधींवरचा उतारा, असा प्रचार कोणी करू लागला तर आम्ही त्यास विरोध करू. अंगुत्तर निकायातील गिरिमानंद सुत्तात आजारी भिक्षूला आनंदाकरवी दहा संज्ञा ऐकविल्या जातात. त्यांत आनापानसती शेवटची आहे, आणि तो आजारी होता हे सुत्त लपवीत नाही. गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी शिबिरास येऊ नये, अशी सूचना विपश्यना केंद्रांच्या नियमांतही आहे. दिवसेंदिवस जेवण तुटले, जीव नकोसा झाल्याचे बोलणे सुरू झाले, तर त्या माणसाला एकटे ठेवू नये आणि जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. तेथे लाज बाळगण्याचे कारण नाही. दुसरी सावधगिरी श्वासाच्या पद्धतीविषयी आहे. अलीकडे जोरजोराने श्वास घेण्याचे प्रकार उपचार म्हणून शिकविले जातात. असा श्वास बराच वेळ घेतला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, भोवळ येते. आधीच घाबरलेला माणूस त्यामुळे अधिक घाबरतो. उलट सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती मंदावते. मात्र तेही मुद्दाम ओढूनताणून करावयाचे नाही. आणि नाकाशी लक्ष नेल्याने ज्याचा जीव गुदमरतो त्याने डोळे उघडावेत, चालावे, मैत्रीभावना करावी. दुसरा मार्ग मागण्याचा आनंदाचा अधिकार त्यालाही आहे.

शेवटी एक तपशील नोंदवितो. मज्झिम निकायातील आनापानसती सुत्त श्रावस्तीच्या पूर्वारामात, मिगारमातेच्या प्रासादात सांगितले गेले. आश्विनी पौर्णिमेस वर्षावास पूर्ण होऊन पवारणा झाली, भिक्षू निघावयाचे होते. परंतु संघाची प्रगती पाहून भगवान संतुष्ट झाले आणि कार्तिक पौर्णिमेपर्यंत आपण येथेच राहू, असे त्यांनी जाहीर केले. हे ऐकून दूरदूरचे भिक्षू श्रावस्तीस लोटले. जुने भिक्षू नव्यांना शिकवू लागले, कोणी दहा जणांना, कोणी वीस, तीस, चाळीस जणांना. त्या वाढीव महिन्याच्या अखेरीस, पूर्ण चंद्राच्या रात्री, हा उपदेश झाला. आपल्या विहारांतील ग्रंथवाचन आश्विनी पौर्णिमेस संपते आणि दुसऱ्या दिवसापासून विहाराला कुलूप लागते. सेनगावकडे तोवर सोयाबीनची कापणी उरकत आलेली असते आणि हरभऱ्याच्या पेरणीची धांदल सुरू होते. तरी सायंकाळचा अर्धा तास निघू शकतो. येत्या वर्षी तो एक महिना विहार उघडा ठेवून पाहावा, असे आम्ही तेथील उपासकांस सुचविले आहे.