१८७६ची अमेरिकेची राष्ट्राध्यक्षीय निवडणूक, साउथ कॅरोलिना
अमेरिकेच्या १८७६ सालच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीचा भाग म्हणून साउथ कॅरोलिना राज्यातील मतदान ७ नोव्हेंबर, १८७६ रोजी झाले. रिपब्लिकन पक्षाचे रदरफोर्ड बी. हेस यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युएल जे. टिल्डन यांचा येथे अवघ्या ८८९ मतांनी पराभव केला. राज्याची सातही निर्वाचक मते हेस यांना मिळाली.

पार्श्वभूमी
यादवी युद्धानंतर मताधिकार मिळालेले कृष्णवर्णीय नागरिक राज्यात बहुसंख्य होते. १८७०च्या जनगणनेनुसार त्यांचे प्रमाण सुमारे ५९ टक्के होते. ते प्रामुख्याने रिपब्लिकन पक्षाचे मतदार असल्याने मुक्त वातावरणात निवडणूक झाली असती तर निकालाबद्दल फारशी शंका नव्हती. ही बहुसंख्या मोडून काढण्यासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांनी 'रेड शर्ट्स' या नावाने ओळखली जाणारी सशस्त्र पथके उभारली. जुलै १८७६ मध्ये हॅम्बर्ग येथे कृष्णवर्णीय नागरी सैनिकांवर हल्ला झाला व शरण आलेल्यांपैकी काहींना ठार मारण्यात आले. सप्टेंबरमध्ये एलेंटन परिसरातही हत्याकांड झाले. अखेर ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी राज्यात अधिक सैन्य धाडले.

निकाल
हेस यांना ९१,७८६ (५०.२४%), तर टिल्डन यांना ९०,८९७ (४९.७६%) मते मिळाली. नोंदलेले मतदान पात्र मतदारांच्या सुमारे १०१ टक्के भरते. त्यामुळे वरील आकडे अधिकृत असले, तरी ते मतदारांचा खरा कौल म्हणून वाचता येत नाहीत. गैरप्रकारांसाठी एजफील्ड काउंटी विशेष कुप्रसिद्ध ठरली. तेथे पात्र मतदारांच्या संख्येहून अधिक मते पडली होती.

वाद व परिणाम
डेमोक्रॅटिक निर्वाचकांनीही आपली मते स्वतंत्रपणे वॉशिंग्टनला पाठवली. फ्लोरिडा व लुइझियानाप्रमाणेच हा वादही काँग्रेसने नेमलेल्या पंधरा सदस्यांच्या निर्वाचन आयोगाकडे गेला. आयोगाने ८ विरुद्ध ७ मतांनी हेस यांच्या बाजूने निर्णय दिला. देशभरात हेस १८५ विरुद्ध १८४ निर्वाचक मतांनी विजयी झाले. म्हणजे हे एकच राज्य टिल्डन यांच्याकडे गेले असते तरी ते राष्ट्राध्यक्ष झाले असते.

त्याच दिवशी झालेल्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट वेड हॅम्प्टन व रिपब्लिकन गव्हर्नर डॅनियल चेंबरलेन या दोघांनीही विजयाचा दावा केला. काही महिने कोलंबिया या राजधानीत दोन गव्हर्नर व दोन प्रतिनिधिगृहे होती. चेंबरलेन यांची सत्ता केवळ संघीय सैन्याच्या बळावर टिकून होती. ज्या राज्याच्या मतांमुळे हेस निवडून आले, तेथील विधानभवनातून त्यांनीच १० एप्रिल, १८७७ रोजी सैन्य मागे घेतले आणि दुसऱ्या दिवशी चेंबरलेन यांनी पद सोडले. पुढे १८९५च्या राज्यघटनेने बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारात संपुष्टात आणला. यानंतर रिपब्लिकन उमेदवाराने साउथ कॅरोलिना जिंकले ते थेट १९६४ मध्ये.