सोप्या जेवणाचे श्रम : वर्धा जिल्ह्यातील स्वयंपाकघराचा इतिहास (१९३४ ते १९४८ या कालखंडाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

घरातील सर्वांना पुरेल, थोड्या वेळात होईल, खर्चात बसेल आणि पोषणात उणे पडणार नाही असे रात्रीचे जेवण हा घरोघरचा रोजचा प्रश्न आहे. इतिहासलेखनात मात्र त्याची दखल क्वचितच घेतली जाते. आधुनिक भारताच्या राजकीय इतिहासात वर्धा जिल्ह्याचे नाव येते ते काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकांसाठी, १४ जुलै १९४२ च्या ठरावासाठी आणि सेवाग्राम आश्रमासाठी. त्याच काळात, त्याच माणसांनी, त्याच आवारात जेवणाच्या ताटाविषयी दीर्घकाळ विचार केला, प्रयोग केले, वाद घातले. हा भाग चरित्रग्रंथांतून बहुधा महात्म्याच्या लहरी किंवा मौजेच्या आठवणी म्हणून उरला आहे. प्रस्तुत लेखात या प्रयोगांकडे श्रमाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. जेवण साधे व सोपे झाले, असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा नेमके कोणाचे काम कमी होते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

जिल्ह्याचे ताट :

१८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या परिसरात वर्धा शहर वसविण्यात आले. काळी जमीन, कापूस, ज्वारी व तूर ही या जिल्ह्याच्या शेतीची ओळख. रेल्वे आल्यानंतर कापसाला दूरची बाजारपेठ मिळाली. हिंगणघाटचा कापूस तर त्याआधीपासूनच नावाजलेला होता. शेतातून पैसा देणारे पीक कापूस असले तरी चुलीवर चढत होती ती ज्वारीच. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, बेसनाचा झुणका (ज्याला या भागात चून म्हणतात), अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि हंगामानुसार रानभाजी हे सामान्य कुटुंबाचे जेवण होते. गव्हाची पोळी सणासुदीला. चून-भाकर हे खरोखरच सोपे जेवण आहे : चुलीवर एक कढई, एक तवा आणि अर्धा-पाऊण तास. तथापि हा हिशेब चूल पेटल्यानंतरचा आहे. त्याआधी ज्वारी निवडणे, दळणे, डाळीचे पीठ करणे, पाणी आणणे आणि सरपण गोळा करणे ही कामे झालेली असतात. ती जेवणाच्या वेळेत धरली जात नाहीत.

ग्रामोद्योग संघ आणि मगनवाडी :

१९३० मध्ये साबरमती सोडताना म. गांधींनी स्वराज्य मिळेपर्यंत तेथे न परतण्याचा निश्चय केला होता. जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे वर्धा हे पुढे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. ऑक्टोबर १९३४ च्या मुंबई काँग्रेस अधिवेशनानंतर, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे अध्यक्ष आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक जे. सी. कुमारप्पा हे संघटक व सचिव होते. बजाज यांनी आपली बाग व इमारत संघाला दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव देण्यात आले. येथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले.

संघाच्या कार्यक्रमात अन्नाला मध्यवर्ती स्थान होते. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ आणि मध यांचा पुरस्कार करण्यात आला. यामागे दोन युक्तिवाद होते. पहिला पोषणाचा. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करताना कोंड्याबरोबर जीवनसत्त्व निघून जाते आणि त्यातून बेरीबेरी उद्भवतो, हे तोवर विज्ञानाने दाखवून दिले होते. या संशोधनाबद्दल आयकमन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. दुसरा युक्तिवाद अर्थशास्त्रीय : खेड्यातील धान्य खेड्यातच दळले, सडले व गाळले गेले तर मजुरी खेड्यातच राहते आणि ढेप गावातल्या बैलांच्या तोंडी जाते. पहिला युक्तिवाद वर्धा जिल्ह्याला तितकासा लागू नव्हता, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. हा जिल्हा ज्वारी खाणारा. गिरणीत ज्वारीचे पीठ करताना कोंडा वेगळा काढला जात नव्हता. येथे खरा प्रश्न दुसऱ्या युक्तिवादाचा, म्हणजे श्रमाचा होता.

सेवाग्रामचे स्वयंपाकघर :

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव येथे राहावयास गेले. याच प्रांतातील दुसऱ्या शेगावमुळे टपालाचा घोटाळा होत असल्याने १९४० मध्ये या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. गावात दलित वस्तीचे प्रमाण मोठे होते. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्येच सर्वांना खुले केले होते. परंतु मंदिराच्या दारापेक्षा स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणे अधिक कठीण असते. एकाच चुलीवरचे अन्न, एकाच पंक्तीत, जात न विचारता खाणे, हे आश्रमीय जेवणाचे पहिले वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. उकडलेली भाजी, पोळी, दूध, गूळ, कच्चा पाला आणि कधी कडुनिंबाची पाने, असे ते जेवण असे. एकादश व्रतांतील अस्वाद व्रतामुळे मसाल्यांना त्यात स्थान नव्हते. तिखटाशिवाय भाकर घशाखाली न उतरणाऱ्या भागात हे ताट शेजारच्या शेतकऱ्याला आजाऱ्याचे जेवण वाटले असल्यास नवल नाही.

१९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत गांधीजींनी आरोग्यविषयक पुस्तक लिहिले. त्यात बैठे काम करणाऱ्या व्यक्तीसाठी दिलेले रोजचे प्रमाण असे आहे : गाईचे दूध २ पौंड, सर्व धान्ये मिळून ६ औंस, पालेभाजी ३ औंस, अन्य भाज्या ५ औंस, कच्ची भाजी १ औंस, तूप दीड औंस आणि गूळ किंवा साखर दीड औंस. म्हणजे दूध सुमारे ९०० ग्रॅम आणि धान्य केवळ १७० ग्रॅम. वर्धा जिल्ह्यातील शेतमजुराचे ताट नेमके याच्या उलट होते. त्यात धान्यच जवळजवळ सर्व काही होते आणि दूध औषधापुरते. हा आहार साधा होता, स्वस्त मात्र नव्हता. साधेपणा आणि स्वस्ताई एकच मानण्याची चूक या काळावरील लेखनात वारंवार आढळते.

या स्वयंपाकघराची खरी नवलाई मात्र पदार्थांत शोधणे बरोबर नाही; ती कामाच्या वाटणीत होती. दळणे, भाज्या चिरणे, वाढणे, भांडी घासणे, आणि संडास साफ करणेही, स्त्री-पुरुष आश्रमवासीयांमध्ये वाटलेले असे. साबरमतीपासूनच गांधीजी स्वतः जात्यावर बसत. हिंदुस्थानी तालीमी संघाची स्थापना १९३८ मध्ये सेवाग्राम येथे झाल्यानंतर आर्यनायकम् दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली सामुदायिक स्वयंपाकघर हा शिक्षणाचाच भाग झाला. मुले व मुली दोघेही स्वयंपाक करीत, धान्याचा व खर्चाचा हिशेब ठेवीत आणि त्यातून गणित व आरोग्यशास्त्र शिकत. त्या काळात मुलग्याने भाकर थापणे ही चरख्याइतकीच, किंबहुना त्याहूनही धीट गोष्ट होती.

जाते आणि गिरणी :

येथे एका अवघड मुद्द्याकडे वळणे आवश्यक ठरते. पाच-सहा माणसांच्या ज्वारी खाणाऱ्या घराला रोज दोन किलोच्या आसपास पीठ लागते. ते जात्यावर दळायचे म्हणजे पहाटे उठून तासाभराचे कष्टाचे काम. ते काम घरातील स्त्रीचे. दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांचे कौतुक मराठी साहित्याने भरपूर केले; गी पॉइटवँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. या ओव्या बहुतांशी पश्चिम महाराष्ट्रातील असल्या तरी दळणाचा अनुभव सर्वत्र एकच होता. ओवी सुंदर असली म्हणून जाते हलके होत नाही.

तेलाच्या इंजिनावर आणि पुढे विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या जसजशा गावांत आल्या, तसतशी जाती कोपऱ्यात गेली. ग्रामोद्योगाच्या भाषेत हा गावाच्या उद्योगाचा ऱ्हास होता. विधवा व निराधार स्त्रियांची दळणा-कांडणाची मजुरी त्यामुळे गेली, ही बाजू खरी आहे आणि ती नाकारता येत नाही. परंतु स्वतःच्या घरचे दळण दळणाऱ्या स्त्रीला कोणी मजुरी देत नव्हते. तिच्यासाठी गिरणी म्हणजे पहाटेची एक तासाची झोप होती. ग्रामोद्योगाच्या अर्थशास्त्रात मजुरीवर दळणारी आणि घरचे दळणारी या दोघी एकाच शब्दाखाली आल्या, आणि दुसरीचा हिशेब मांडायचा राहून गेला.

आश्रमात हा प्रश्न तीव्र झाला नाही, कारण तेथे जाते अनेकांच्या हातांनी फिरत होते. मगनवाडीतून आहाराचे जे विचार गावोगाव गेले त्यांत हातदळणीचे पीठ होते. कोणी दळावे याचे पाळीपत्रक मात्र आश्रमाच्या भिंतीवरच राहिले. ही वाटणी वगळून तोच आहार एखाद्या शेतकरी कुटुंबाने स्वीकारला असता, तर तेथील सोप्या जेवणाचा भार एकट्या बाईवर आला असता. बहुतेक कुटुंबांनी तो स्वीकारला नाही. या नकाराला अज्ञान म्हणण्याची प्रथा आहे. त्यात शहाणपणही होते, असे मानावयास जागा आहे.

मगनवाडीतील संशोधकांना कष्टांची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. झवेरभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून सुधारलेली घाणी पुढे ‘वर्धा घाणी’ या नावाने देशभर ओळखली गेली. १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. धूर बाहेर काढणारी ही चूल भारतातील सुधारित चुलींच्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक होय. तिच्यामागे डोळे चोळीत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचा विचार स्पष्ट दिसतो. जात्याच्या बाबतीतही तितकीच दृष्टी ठेवली गेली असती तर कदाचित या चळवळीचा इतिहास वेगळा झाला असता.

सोयाबीनचा प्रवास :

१९३५ मध्ये मगनवाडीच्या स्वयंपाकघरात एका अपरिचित कडधान्याचा प्रवेश झाला. दूध न परवडणाऱ्या गरिबाला स्वस्त प्रथिने मिळावीत म्हणून गांधीजींनी सोयाबीनचा प्रयोग सुरू केला आणि ‘हरिजन’ मधून त्याविषयी लिहिले. दाणे भिजवून, शिजवून पंक्तीला वाढले जात. गावांनी त्या वेळी हे धान्य उचलले नाही. तूर हाताशी असताना, चव व शिजण्याचा वेळ पाहता, त्यात आश्चर्य नाही.

१९७० च्या दशकात मध्य प्रदेशात सोयाबीनची व्यापारी लागवड पसरली आणि त्यानंतर विदर्भातही ते वाढत गेले. आज वर्धा जिल्ह्याच्या खरिपात कापसाबरोबर सोयाबीन हे प्रमुख पीक आहे. पण ते पिकते ते कारखान्यासाठी. घाणीत नव्हे, तर विद्रावकाच्या साहाय्याने त्याचे तेल काढले जाते आणि उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. या तेलविरहित पिठापासूनच सोयाबीनच्या वड्या तयार होतात व पाकिटबंद होऊन त्याच शेतकऱ्याच्या गावातील किराणा दुकानात परत येतात. गरम पाण्यात भिजवून, पिळून, बारीक करून कांदा-टोमॅटोत परतलेला या वड्यांचा खिमा पावाबरोबर वाढला की मुलांच्या आवडीचे रात्रीचे जेवण वीस-पंचवीस मिनिटांत तयार होते. अमेरिकेतील ‘स्लॉपी जो’ हा पदार्थ याचाच दूरचा भाऊबंद म्हणता येईल : टोमॅटोच्या आंबटगोड रसात शिजविलेला मांसाचा खिमा, गोल पावात भरलेला. १९६९ मध्ये हंट्स कंपनीने त्यासाठी ‘मॅनविच’ हा डबाबंद सॉस बाजारात आणला आणि घरच्या कामाचा आणखी एक टप्पा कारखान्यात गेला. कुमारप्पांना हे रुचले नसते. तथापि चुलीपूर्वीचे श्रम कमी करण्याचा प्रश्न ग्रामोद्योगाने अर्धवट सोडला आणि कारखान्याने तो आपल्या पद्धतीने व आपल्या किमतीत सोडविला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

चुलीपाशी कोण उभे राहते, या प्रश्नाला मात्र गिरणीनेही हात लावला नाही आणि पाकिटानेही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार भारतात सहा वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात विनामोबदला घरकाम करतात. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के आहे. काम करणाऱ्यांपैकी स्त्रीचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७ मिनिटे. सेवाग्राम येथे २००५ मध्ये नई तालीमच्या आवारात आनंद निकेतन ही शाळा नव्याने सुरू झाली. तेथे शेती व सूतकताईबरोबर स्वयंपाक हाही अभ्यासाचा विषय आहे आणि तो मुलग्यांनाही तितकाच शिकावा लागतो.