गादीवरची थाप

कुस्तीच्या इतिहासातले एक पान आपल्या तालमींत कोणी मोठ्याने वाचत नाही. ते आज वाचावयाचे आहे.

आपली कुस्ती चीतपट झाली की संपते. दुसऱ्या एका प्रकारात हात, पाय किंवा मान पेचात धरून प्रतिस्पर्ध्याकडून हार कबूल करून घेतात. त्याने थाप मारली की पकड सोडावीच लागते. गादीवरच्या ह्या कुस्तीचे चाहते समलिंगी पुरुषांतही आहेत. ते का, असे विचारले तर लोक हसून म्हणतात, ‘त्यात विचारायचे काय?’ आम्हांला हे उत्तर अपुरे वाटते.

देहाची ओढ आहेच. ती नाकारण्यात अर्थ नाही. ती जुनीही आहे. प्राचीन ग्रीसमधील पॅलेस्ट्रा म्हणजे कुस्तीची तालीम, आणि तीच तरुणांना पाहण्याची व त्यांच्याशी बोलण्याची जागा. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये अल्सिबायडीज सांगतो, की सॉक्रेटिसाचे मन वळावे म्हणून आपण त्याच्याशी एकांतात कुस्ती खेळलो; उपयोग मात्र झाला नाही. त्याच ग्रीकांच्या पँक्रेशन ह्या खेळात हरणारा बोट वर करी आणि लढत थांबे.

तेथून आधुनिक अमेरिकेकडे येऊ. १९४५ साली लॉस एंजेलिसमध्ये बॉब मायझर ह्याने पुरुषदेहाची छायाचित्रे विकणारी संस्था काढली. पुढे तिचे कुस्तीचे छोटे चित्रपटही विकले जाऊ लागले. दोन प्रौढ पुरुषांचा संमतीचा संबंध कॅलिफोर्नियात १९७५ च्या कायद्याने गुन्ह्यांतून वगळला गेला. तोवर मिठी मारली तर संशय, पेच टाकला तर खेळ!

मग कुस्ती हा केवळ बुरखा होता काय? आमचे मत निराळे आहे. ज्यांचे प्रेम गुन्हा ठरले होते, त्यांना येथे पुरुषाने पुरुषाला उघडपणे धरलेले दिसले, आणि तेही नियमाने. शिवाय ह्या खेळात ‘पुरे’ हा शब्द हरणाऱ्याचा असतो. त्याच्या एका थापेपुढे बलवानाचा हात सैल होतो. कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना ह्या नियमाची किंमत कळते. ज्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही, त्याला कोणी माणसांत मोजत नाही.

१९८२ साली ही मंडळी प्रेक्षकांतून उठून स्वतः गादीवर आली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधील डेकॅथलॉनपटू टॉम वॉडेल ह्यांच्या पुढाकाराने सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगींचे क्रीडासामने भरले. त्यांत कुस्तीही होती. ‘ऑलिंपिक’ हे नाव वापरण्यास न्यायालयाने मनाई केली; १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. नाव गेले, पण सामने पुढेही भरत राहिले.

आपल्या देशात प्रौढांचा असा संमतीचा संबंध गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ठरविले. तेव्हा पुढच्या वेळी ह्या चाहत्यांबद्दल कोणी हसू लागला, तर त्याला ती थाप काय सांगते एवढे विचारावे.