घरगुती संगणक आणि स्टिरिओ स्पीकर : एका जोडणीचा इतिहास

घरगुती संगणकास ध्वनी कसा प्राप्त झाला, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः साउंड कार्डाच्या इतिहासात शोधले जाते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. ध्वनी निर्माण करणे ही एक गोष्ट, आणि तो यंत्राबाहेर आणून घरातील स्टिरिओ संचाच्या स्वाधीन करणे ही दुसरी. पहिलीचा इतिहास संगणकाचा आहे. दुसरीचा इतिहास मात्र टेलिफोन, ग्रामोफोन आणि रेडिओ यांचा असून, संगणक त्यात फार उशिरा आलेला वारस होय. या वारशाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच्या संगणकांना बाहेरच्या स्पीकरची अपेक्षाच नव्हती. १९७७ च्या ॲपल २ मध्ये आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम पीसीमध्ये पेटीच्या आतच एक लहान स्पीकर बसविलेला असे. त्याला प्रवाह देणे वा तोडणे एवढेच साधारणतः शक्य होते. त्याचे काम संगीताचे नव्हे, तर इशारा देण्याचे होते. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्ये बॉब यॅनेस यांनी रचलेली तीन स्वरांची ‘सिड’ चिप होती. तथापि तिचा ध्वनी बहुधा दूरचित्रवाणी संचाच्या एकुलत्या स्पीकरमधूनच ऐकला जाई. १९८५ च्या अमिगाने मात्र चार ध्वनिमार्गांपैकी दोन डावीकडे व दोन उजवीकडे विभागले आणि मागील बाजूस दोन आरसीए खोबणी दिल्या. स्टिरिओ संचाशी सरळ जोडता येईल अशा रीतीने घडविलेल्या घरगुती संगणकांत त्याचे स्थान अग्रभागी आहे.

पीसीच्या बाबतीत ही उणीव स्वतंत्र कार्डांनी भरून काढली. १९८७ साली कॅनडातील क्वेबेक येथून ॲडलिब कार्ड आले. यामाहाच्या ज्या चिपवर ते आधारलेले होते, तिच्यामागे स्टॅनफर्ड येथील जॉन चाउनिंग यांचे १९६७ पासूनचे संशोधन होते. १९८९ साली सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणले. १९९१ च्या ‘प्रो’ आवृत्तीत अंकीय ध्वनी स्टिरिओ झाला, आणि १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ ने १६ बिट व सेकंदास ४४,१०० नमुने हे कॉम्पॅक्ट डिस्कचे मान गाठले. येथवर परिचित इतिहास संपतो.

आता या कार्डांवरील ३.५ मिलिमीटरच्या खोबणीकडे पाहू. तिच्यात जाणाऱ्या पिनेचे तीन भाग असतात : टिप म्हणजे टोक, रिंग म्हणजे कडे आणि स्लीव्ह म्हणजे बाहेरील नळी. ही नावे टेलिफोनच्या हातजोड केंद्रातील आहेत. ‘जॅक’ या शब्दाचा संबंध चार्ल्स स्क्रिब्नर यांनी १८७८ च्या सुमारास केलेल्या, मिटत्या चाकूसारख्या (जॅक-नाइफ) कळीशी जोडला जातो. टेलिफोनमध्ये टोक व कडे या एकाच संभाषणाच्या दोन तारा होत्या. स्टिरिओमध्ये टोक डाव्या ध्वनीचे आणि कडे उजव्या ध्वनीचे वाहक झाले, नळी दोघांना समाईक राहिली. शब्दरूप तेच राहून अर्थ पालटावा, तसाच हा प्रकार आहे. ट्रान्झिस्टर रेडिओने ही पिन लहान केली, आणि १९७९ च्या वॉकमनने तिचे स्टिरिओ रूप घरोघर पोहोचविले. मराठी बोलण्यात तर ‘जॅक’ हा एकच शब्द खोबण आणि पिन या दोहोंसाठी रूढ झाला आहे. ताराच्या दुसऱ्या टोकाशी असणाऱ्या आरसीए पिना या रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेने १९३० नंतरच्या दशकात ग्रामोफोन आणि रेडिओ जोडण्यासाठी आणल्या होत्या.

‘लाइन आउट’ या नावातील ‘लाइन’ हीदेखील टेलिफोनचीच स्मृती होय. घरगुती उपकरणांत या संकेताचे प्रमाण साधारणतः ०.३१६ व्होल्ट धरले जाते. एवढा दाब ८ ओहमच्या स्पीकरला पूर्णपणे मिळाला असे मानले, तरी त्यातून वॅटचा जेमतेम ऐंशीवा भाग शक्ती मिळेल; आणि लाइन आउटला तेवढाही प्रवाह पुरविणे सहसा साधत नाही. म्हणून मध्ये अँप्लिफायर हवा. त्याच्या प्रवेशमार्गाचा रोध सुमारे १०,००० ओहम वा अधिक असल्याने संगणकावर भार पडत नाही. संगणक व अँप्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी भूसंपर्कित असतील तर ध्वनीत घरघर शिरते. भारतात ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींतील असते. तिच्यावरील एक उपाय, म्हणजे मध्ये लहान विलगक ट्रान्सफॉर्मर घालणे, हाही टेलिफोन अभियंत्यांच्या जुन्या परिचयाचा आहे.

श्रवणाच्या दृष्टीनेही संगणकाने जुनीच कल्पना साकार केली. ॲलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये स्टिरिओ पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या पद्धतीचा पूर्ण लाभ दोन्ही स्पीकरांपासून समान अंतरावर बसणाऱ्या श्रोत्यास होतो. बैठकीच्या खोलीत अशी जागा एखाद्यासच लाभते. पडद्यासमोर बसलेला संगणकाचा वापरकर्ता मात्र दोन स्पीकरांच्या मध्यावर आपोआपच स्थिर असतो.

खोबणी दिसावयास सारख्या असल्याने होणारा घोटाळा १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या ‘पीसी ९९’ संकेताने दूर केला : बाहेर जाणाऱ्या ध्वनीस पोपटी, आत येणाऱ्यास फिकट निळा आणि मायक्रोफोनला गुलाबी रंग. १९९६ साली यूएसबी आले, आणि पुढे ब्लूटूथही. या नव्या मार्गांत ध्वनी अंकांच्या रूपाने जातो. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या यंत्रांना एकमेकांची भाषा आधीपासून अवगत असावी लागते, आणि ती भाषा कालबाह्य झाली की धडधाकट यंत्रही मुके होते.

जुन्या जोडणीचे महत्त्व येथेच प्रत्ययास येते. तिच्यातून केवळ कमीअधिक होणारा विद्युत्‌दाब जातो. त्याचा अर्थ लावण्यासाठी कोणत्याही आज्ञावलीची गरज नसते. १९६० नंतरच्या दशकात, घरगुती संगणक कल्पनेतही नसताना, घडविलेला आरसीए खोबणींचा अँप्लिफायर आजच्या संगणकाशी साध्या तारेने जोडता येतो, तो यामुळेच. साउंड कार्डांच्या पिढ्या आल्या आणि अस्तंगत झाल्या; टोक, कडे आणि नळी मात्र टिकून आहेत. ध्वनियंत्रांच्या इतिहासात नव्या चिपांइतकेच स्थान या मूक सांध्यांनाही द्यावयास हवे.