पावसाने बांधलेली घरं

मंडळी, आमच्या तळेऱ्याहून एक रस्ता वैभववाडीवरून करूळच्या घाटाने गगनबावड्याला चढतो आणि पुढे कोल्हापूरला जातो. तसेच पुढे सोलापूरपर्यंत गेलात, तर घरं बघता बघता भूगोलाचा तास होतो. आपल्याकडे उतरती कौलं. सोलापूरकडच्या जुन्या खेड्यांत धाब्याची सपाट घरं, वर पांढऱ्या मातीचा थर. तिकडे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, इकडे तीन हजारांच्या वर. तिकडचं छत झोपायला, वाळवणाला उपयोगी. इकडच्या छपराला काम एकच, पाणी लवकर खाली सोडायचं!

भिंतीचा दगडही जमिनीनेच दिला. देशावर काळा पाषाण, आपल्या सड्यावर जांभा. खाणीत असताना तो मऊ, हवा लागली की घट्ट. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरने केरळातल्या या दगडाला लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून 'लॅटराइट' म्हटलं. चिरेखाणीवरच्या आपल्या माणसांना हे शिकवायला नको. चिरा म्हणजे जमिनीतून कापून काढलेली वीटच.

छप्पर आधी गवताचं नाहीतर झापांचं, मग कुंभाराच्या नळ्याच्या कौलांचं. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी चपटी कौलं होऊ लागली. मंगलोरी कौलं ती हीच.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. हवामानाने आपल्या घराला नुसता आकार दिला नाही, वर्षाचं वेळापत्रकही दिलं. दिवाळीनंतर खळं चोपून सारवायचं, त्यावर माटव घालायचा. मे महिन्यात तो उतरायचा, फुटकी कौलं बदलायची, झडीचा पाऊस पडवीत येऊ नये म्हणून झाप बांधायचे. पावसाळाभर चूल पेटती ठेवायची. धुराने वासे कोरडे राहतात, किडा लागत नाही. म्हणजे हे घर एकदा बांधून संपत नाही, दरवर्षी थोडं थोडं बांधावं लागतं.

मध्य आशियातल्या तुर्की भाषा बोलणाऱ्या मेंढपाळांचं घरही असंच. लाकडी जाळी, वर लोकरीचा नमदा; चारा संपला की घर मोडून जनावरांवर लादायचं. त्या घराच्या माथ्यावरचं लाकडी कडं किर्गिझस्तानने १९९२ साली आपल्या झेंड्यावर घेतलं. त्यांचं घर माणसांबरोबर चालतं. आपलं जागेवर थांबतं आणि माणसांची वाट बघतं.

आणि खरी अडचण तीच आहे. माणसं मुंबईला, घराला कुलूप. चूल नाही, शाकारणी नाही. एक कौल सरकलं की पाणी वाशावर, वाशावरून भिंतीत. मातीत बांधलेली जांभ्याची भिंत अशी भिजत राहिली की किती पावसाळे टिकणार? ज्यांनी घर पाडून स्लॅब घातला, त्यांतल्या कितीतरी जणांना गळतीपायी वर पत्र्याचं उतरतं छप्पर घालावं लागलं. पावसाने आपलं म्हणणं शेवटी मान्य करून घेतलंच!

म्हणून नातेवाईक मंडळींना एक सांगणं. गणपतीला सगळे येता, आनंदच आहे. पण घराला तुमची खरी गरज मे महिन्यात असते. आंबे खायला याल तेव्हा दोन दिवस जास्त काढा आणि एकदा कौलांवर नजर टाका.

बाकीच्यांनी आपापल्या गावची घरं कशी आहेत ते जरूर कळवावं.