हिंगणघाटची कबर आणि संगणकातील त्रिकोणांचे जाळे

१/ वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा प्रवर्तक हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी येथेच निवर्तला. संगणकावर मेश फाइल दुरुस्त करणाऱ्याने त्याला का आठवावे, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा १०० फुटी पोलादी साखळीने मोजली. पुढे मुख्यतः कोन मोजायचे आणि बाजू गणिताने काढायच्या. एका त्रिकोणाची काढलेली बाजू हाच पुढच्या त्रिकोणाचा पाया.

३/ यात मोठा धोका होता. एका त्रिकोणातील चूक पुढच्या साऱ्या जाळ्यात पसरते. म्हणून शक्य तेथे तिन्ही कोन मोजून बेरीज तपासली जाई आणि लांब अंतरानंतर नवी आधाररेषा प्रत्यक्ष मोजून गणिताशी ताडली जाई.

४/ १९८७ साली थ्रीडी सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने एसटीएल हे फाइल-स्वरूप आणले. त्यातही वस्तूचा पृष्ठभाग त्रिकोणांनीच सांगितला जातो. मात्र आकडे इंचाचे की मिलिमीटरचे, याची नोंद त्यात नसते. वर्तुळ, दंडगोल या कल्पनाही नसतात.

५/ मी घरच्या जात्याचे स्कॅन कॅडमध्ये उघडले, तेव्हा १६ इंच व्यासाचे जाते १६ मिलिमीटरचे, सदऱ्याच्या गुंडीएवढे दिसले. उपाय सोपा होता : एक माप प्रत्यक्ष टेपने घ्यावे आणि त्यानुसार प्रमाण बदलावे. येथे ते २५.४ पट. हीच आपली आधाररेषा.

६/ त्यानंतर कडा तपासाव्यात. बंद पृष्ठभागात प्रत्येक कड नेमक्या दोन त्रिकोणांची असते. एकाचीच असेल तर तेथे भोक आहे. तिघांची असेल तर गुंता. काही त्रिकोणांची बाहेरची बाजू आत वळलेली असते. त्यांची दिशा एकसारखी करावी. हे दोष राहिले तर कॅड त्या जाळ्याला घन वस्तू मानत नाही.

७/ लाखो त्रिकोण थेट घनरूपात बदलू गेल्यास संगणक अडखळतो. आधी प्रत काढून तिच्यातील त्रिकोण कमी करावेत. खुंट्याच्या भोकासारखा नियमित आकार तर मेश खाली ठेवून नव्यानेच रेखाटावा.

८/ खरी अडचण पुढे आहे. जात्याच्या वरच्या तळीची खालची बाजू स्कॅनमध्ये आलीच नव्हती. ‘भोक बुजवा’ म्हणताच तेथे गुळगुळीत सपाट पृष्ठ तयार झाले. प्रत्यक्षात त्या बाजूवर पाथरवटाने लावलेल्या टाकीच्या खुणा आहेत. फाइल निर्दोष झाली, पण पुरावा खोटा झाला. भग्न मूर्तीच्या बाबतीत असे झाले, तर उद्याचा अभ्यासक संगणकाने रचलेले नाक शिल्पकाराचे समजेल.

९/ १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना लॅम्बटनचा थिओडोलाइट आदळून बिघडला. त्याने तो स्वतः दुरुस्त केला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने जुन्या कामाचा काही भाग नव्या उपकरणांनी पुन्हा मोजला. दुरुस्त केलेली गोष्टही पुन्हा तपासावी लागते.

१०/ म्हणून मूळ स्कॅनला हात लावू नये. दुरुस्ती प्रतीवर करावी आणि कोणते भोक आपण बुजवले, ते फाइलसोबत लिहून ठेवावे. जाळे मिटलेले दिसले, एवढ्याने ते खरे ठरत नाही.